घरच्या जाळ्यासाठी पत्त्यांची जागा

ग्वाल्हेरचे लष्कर, बडोद्याचा दांडिया बाजार किंवा इंदूरच्या राजवाड्याजवळच्या गल्ल्या ह्या भागांत एके काळी पाकिटावर घरमालकाचे आडनाव व गल्लीचे नाव एवढे लिहिले तरी पत्र बिनचूक पोहोचत असे. टपालवाल्याला माणसे ठाऊक होती. संगणकांचा टपालवाला माणसे ओळखत नाही. त्याला आकडा लागतो. आणि ज्या जाळ्यात तो टपाल वाटतो त्या साऱ्या जाळ्यात तो आकडा एकाच यंत्राचा असावा लागतो. हे जाळे जगभर पसरले म्हणजे आकडे कोणी द्यायचे, कोणाला द्यायचे आणि किती द्यायचे, हा साधा दिसणारा प्रश्न बिकट होऊन बसतो. त्याची झळ आपल्या घरातल्या एका खोलीपर्यंत कशी येऊन पोहोचते, ते येथे सांगावयाचे आहे.

निमित्त असे, की आपल्या समाजातील पुष्कळ घरांतून हल्ली एक नवा उद्योग सुरू झालेला दिसतो. माळ्यावर टाकलेला जुना संगणक खाली काढायचा, त्याला मोठी हार्ड डिस्क जोडायची, आणि घरातली मोडी कागदपत्रे, आजोबांची पत्रे, लग्नमुंजींची छायाचित्रे, आजीच्या आवाजात मुद्रित करून ठेवलेल्या ओव्या असे सारे त्यात एकत्र ठेवायचे. मूळ घर इंदुरास, थोरली पाती हैदराबादेस, लेक बेळगावास आणि नातवंडे परदेशी, असे आपल्याकडे सर्रास असते. तेव्हा हा ठेवा सर्वांना आपापल्या ठिकाणाहून पाहता यावा, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. इंजिनिअरिंगला असलेले घरातले एखादे मूल हे काम अंगावर घेते. राउटर, स्विच, तारा जमतात आणि पहिल्याच संध्याकाळी प्रश्न उभा राहतो: ह्या यंत्रांना पत्ते कोणते द्यायचे? ते कोणाकडे मागायचे? की मनाला येतील ते आकडे घातले तरी चालतात?

प्रथम पत्ता म्हणजे काय ते पाहू. इंटरनेटवरील यंत्राचा पत्ता, ज्याला आयपी पत्ता म्हणतात, हा मुळात ३२ द्विमान अंकांचा, म्हणजे ३२ वेळा 'शून्य किंवा एक' लिहून होणारा आकडा आहे. माणसांच्या सोयीसाठी त्याचे चार तुकडे करतात, प्रत्येक तुकडा ० ते २५५ ह्यांमधील संख्येने लिहितात आणि मध्ये टिंबे देतात. १९८१ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या नियमपत्राने ही रचना पक्की केली. अशा रीतीने होणारे एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. त्या वर्षी जगाची लोकसंख्या साडेचारशे कोटींच्या आसपास होती. म्हणजे माणशी एक पत्ताही पुरता येत नव्हता. परंतु त्या काळी संगणक ही विद्यापीठांची, लष्कराची व बड्या कंपन्यांची वस्तू होती. भिंतीवरच्या दिव्यालाही कधी पत्ता लागेल, हे कोणाच्या स्वप्नात नव्हते. ह्या रचनेचे एक जनक व्हिंट सर्फ ह्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे, की ३२ हा आकडा त्यांनी १९७७ साली एका प्रयोगापुरता ठरविला होता. तो प्रयोग संपलाच नाही, एवढेच.

त्या दिवसांत पत्त्यांची वही बहुतांशी एकाच गृहस्थांच्या हाती होती. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतील जॉन पोस्टेल हे कोणता आकडा कोणास दिला ह्याची नोंद ठेवीत आणि ती यादी वेळोवेळी प्रसिद्ध करीत. मागणाऱ्याने कारण सांगावे आणि पत्ते घ्यावेत, असा रिवाज होता. किंमत कसलीच नव्हती. मात्र तुकड्यांची मापे तीनच: मोठा तुकडा १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्त्यांचा, मधला ६५,५३६ पत्त्यांचा आणि धाकटा २५६ पत्त्यांचा. कापडाच्या दुकानात रुमाल, धोतरजोडी आणि सबंध ठाण एवढेच विकावे, सदऱ्यापुरते कापड फाडून देऊ नये, त्यातला हा प्रकार. ज्याला ३०० पत्ते हवे होते त्याच्या पदरात ६५ हजार पडत. १९९३ साली हव्या त्या मापाचे तुकडे देण्याची पद्धत सुरू झाली, परंतु तोवर पुष्कळ ठाणे वाटून झाली होती. अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेकडे असेच एक मोठे ठाण होते. त्यातले १ कोटी ४० लाख पत्ते आपण वापरलेलेच नाहीत, असे त्या संस्थेने २०१७ साली जाहीर केले आणि सुमारे ८० लाख विकण्याचे ठरविले.

ह्याच उदार काळातली एक देणगी मात्र केवळ हौशी प्रयोगकर्त्यांसाठी होती, आणि आपल्या विषयाशी तिचा जवळचा संबंध आहे. घरी बिनतारी संदेशयंत्र बाळगणारे परवानाधारक हौशी लोक, ज्यांना 'हॅम' म्हणतात, त्यांच्यातील हँक मॅग्नस्की ह्या अमेरिकन गृहस्थांनी १९८१ साली पत्त्यांची मागणी केली. रेडिओलहरींवरून संगणकांचा संवाद घडवून पाहावा, हा हेतू. त्यांना ४४ ह्या आकड्याने सुरू होणारे सबंध ठाण मिळाले. जगभरातील हॅम मंडळींनी त्यातले लहान लहान तुकडे घेऊन कित्येक वर्षे प्रयोग केले. पुढे २०१९ साली ह्या जागेची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने तिचा चौथा हिस्सा, म्हणजे ४१ लाख ९४ हजार ३०४ पत्ते, ॲमेझॉन कंपनीला विकला. किंमत १० कोटी डॉलरहून अधिक आली. त्या पैशाचा निधी करून त्यातून रेडिओ व इंटरनेटविषयक शिक्षणास अनुदाने दिली जातात, हे खरे. तरी फुकट मिळालेले सामाईक कुरण विकावे की नाही, ह्यावर हॅम मंडळींत बरेच कडू बोलणे झाले. उरलेले १ कोटी २५ लाखांहून अधिक पत्ते अद्याप हौशी लोकांसाठीच राखलेले आहेत. भारतात केंद्र सरकारची परीक्षा देऊन हॅमचा परवाना मिळविता येतो, आणि असा परवाना असलेल्या व्यक्तीला त्या जागेतील छोटा तुकडा विनामूल्य मागता येतो. घरी प्रयोग करणाऱ्या मुलाला 'खरे' पत्ते मिळण्याची ह्याहून सरळ वाट आज आम्हांला दिसत नाही. शिवाय त्या निमित्ताने विजेचा व लहरींचा थोडा अभ्यास होतो, तो वेगळाच.

आता मनाला येतील ते आकडे घालण्याविषयी. १९९० च्या सुमारास पुष्कळ कार्यालये नेमके हेच करीत होती. त्यांना बाहेरच्या जाळ्याशी कर्तव्य नव्हते. आतल्या आत दहा-वीस संगणक जोडले की काम भागत असे. तेव्हा कोणी यंत्राबरोबरच्या पुस्तकात उदाहरणादाखल छापलेला आकडाच उचलला, कोणी सोपा दिसला म्हणून एखादा. पुढे ही कार्यालये इंटरनेटला जोडली गेली आणि ध्यानात आले, की आपण वापरतो तो पत्ता पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कोणाचा तरी आहे. अशा वेळी आपल्या यंत्राला त्या खऱ्या धन्यापर्यंत कधीच पोहोचता येत नाही. कारण ते टपाल घरातल्या घरातच फिरत राहते. ह्या सवयीचा परिणाम किती वर्षे टिकतो पाहा: चार एक्के लिहून होणारा पत्ता २०१८ च्या १ एप्रिलपासून एका सार्वजनिक सेवेसाठी खुला झाला, तेव्हा काही ठिकाणचे राउटर त्या सेवेपर्यंत पोहोचेनात. कारण त्यांच्या निर्मात्यांनी तोच सोपा आकडा आतल्या कामासाठी परभारे वापरून टाकला होता.

ह्यावर तोड म्हणून १९९४ च्या मार्चमध्ये एक सूचना पुढे आली: काही आकडे कायमचे 'खाजगी' म्हणून राखून ठेवावेत. ते कोणाच्याच मालकीचे नाहीत, म्हणून सर्वांनी आपापल्या चार भिंतींच्या आत खुशाल वापरावेत. फक्त त्यांनी उंबरठा ओलांडून इंटरनेटवर जाऊ नये. सूचना आजच्या वाचकाला निरुपद्रवी वाटेल. परंतु त्याच वर्षीच्या जुलैत काही जाणकारांनी तिला लेखी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक पत्ता जगात एकमेव असावा हाच ह्या जाळ्याचा पाया आहे. आज तुम्ही दोन जाळी वेगळी म्हणता, उद्या ती जोडायची वेळ आली आणि दोहोंत तेच आकडे निघाले तर काय कराल? दीड-दोन वर्षे वाद झाला आणि १९९६ च्या फेब्रुवारीत सुधारलेला नियम प्रसिद्ध झाला. तोच आजही चालू आहे. त्यानुसार १० ने सुरू होणारे सबंध ठाण, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे १० लाख ४८ हजार ५७६ पत्ते आणि १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते हे खाजगी वापरासाठी राखलेले आहेत. ह्यांपैकी १० हा आकडा इंटरनेटचे पूर्वज जे अर्पानेट त्याचा स्वतःचा होता. ते जाळे १९९० साली बंद झाले आणि त्याचा रिकामा पडलेला आकडा असा सर्वांच्या उपयोगी आला.

तेव्हा घरच्या प्रयोगासाठी पत्ते कोणाकडे मागायचे, ह्याचे पहिले उत्तर सोपे आहे: कोणाकडेही नाही. ह्या तीन कुरणांपैकी कोणत्याही कुरणात कोणालाही न विचारता गुरे सोडता येतात. आपल्या घरातला राउटर तेच करीत असतो. त्याच्या पाठीवर चिकटविलेला कागद पाहिला तर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा आकडाच छापलेला आढळेल.

मग घरातल्या खाजगी पत्त्याचे यंत्र बाहेरच्या जगाशी बोलते तरी कसे? ह्याचीही युक्ती १९९४ च्या मे महिन्यातच प्रसिद्ध झाली. वाड्याच्या देवडीवर एक कारकून बसविला आहे, अशी कल्पना करावी. आतले कोणी बाहेर पत्र धाडू लागले, की तो पाठविणाऱ्याचे नाव खोडून त्या जागी वाड्याचा पत्ता लिहितो आणि आपल्या वहीत टिपण ठेवतो. उत्तर आले की वही पाहून ते योग्य खोलीत पोचते करतो. वाड्याला बाहेरच्या जगात एकच पत्ता पुरतो. आत शंभर बिऱ्हाडे असोत. ह्या एका युक्तीने पत्त्यांचा दुष्काळ बरीच वर्षे लांबविला. तिची अडचण अशी, की आधी आतून पत्र गेलेले असेल तरच कारकुनाच्या वहीत टिपण असते. बाहेरून आपणहून कोणी पत्र पाठविले, तर ते कोणाला द्यायचे हे त्याला कळत नाही आणि तो ते फेकून देतो. घरातल्या संगणकावरची छायाचित्रे बेळगावच्या लेकीला पाहायची असतील, तर तिची विनंती बाहेरून आपणहून येणार. तेवढ्यासाठी कारकुनाला आगाऊ सूचना द्यावी लागते, की अमुक दारावर आलेले टपाल अमुक यंत्राला द्यावे. राउटरमध्ये ही सोय असते व ती जमते.

इथवर ठीक होते. पण २०११ च्या ३ फेब्रुवारीला जगाच्या मध्यवर्ती कोठारातले शेवटचे पाच मोठे तुकडे पाच खंडीय संस्थांना वाटून संपले. आशिया व पॅसिफिक भागाचा कारभार ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनहून एपनिक ही संस्था पाहते. तिने त्याच वर्षीच्या एप्रिलपासून उरलेला साठा चिमूट चिमूट द्यायला सुरुवात केली. भारतात हे काम २०१२ पासून इरिन ही राष्ट्रीय नोंदणी करते. तेथे सभासद होऊन रीतसर पत्ते मागता येतात, परंतु त्यातली कागदपत्रे, फी आणि तांत्रिक जबाबदारी इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्या, बँका, विद्यापीठे ह्यांच्या बेताची आहे, गृहस्थाश्रमाच्या नव्हे. वाटणीतली विषमता डोळ्यांत भरण्यासारखी आहे. अमेरिकेच्या वाट्याला दीडशे कोटींहून अधिक पत्ते गेले आहेत आणि १४० कोटी लोकांच्या भारताकडे सुमारे ४ कोटी. ह्यात कोणाचा कट नव्हता. वाटप चालू असताना आपल्याकडे मागणारेच थोडे होते. सामान्य माणसासाठी भारतात इंटरनेट खुले झाले ते १९९५ च्या १५ ऑगस्टला.

ह्या टंचाईमुळे कंपन्यांनी देवडीवरच्या कारकुनाचीच युक्ती एक पायरी वर नेली. आता आपल्या घराच्या राउटरलाही खरा पत्ता मिळत नाही. तोही कंपनीच्या मोठ्या वाड्यातले एक बिऱ्हाड झाला आहे. ह्यासाठी २०१२ च्या एप्रिलमध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा वेगळा तुकडा राखण्यात आला. (त्यातही पत्ते ४१ लाख ९४ हजार ३०४, म्हणजे ॲमेझॉनने विकत घेतले तेवढेच. योगायोग मापाचा आहे, पण एक तुकडा दहा कोटी डॉलरला जातो आणि दुसरा कोणीही कितीदाही वापरावा, हे पाहून गंमत वाटते.) ह्याचा परिणाम घरगुती प्रयोगावर थेट होतो. आपण आपल्या कारकुनाला कितीही सूचना दिल्या, तरी वरचा कारकून कंपनीचा. तो आपल्या हुकमातला नाही. घरातून बाहेर सारे दिसते, बाहेरून घर दिसत नाही.

आपली स्थिती काय आहे हे ओळखणे अवघड नाही. राउटरच्या माहितीपानावर त्याला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता दिसतो. तो १०० व त्यापुढे ६४ ते १२७ असा असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर आपण मोठ्या वाड्यातले बिऱ्हाडकरू आहोत. आमच्याकडे कनेक्शन देणाऱ्या मनुष्याला आम्ही ह्याविषयी विचारले, तेव्हा तो अगदी निरागसपणे म्हणाला, "काका, नेट तर चालतंय ना? मग पत्ता कशाला पाहिजे?" त्याचा दोष नाही. त्याच्या दृष्टीने इंटरनेट म्हणजे नळाचे पाणी. नळातून उलट पाणी कोणी सोडतो काय? पण ज्याला स्वतःचे काही बाहेर द्यायचे आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. घरचा ठेवा घरीच ठेवून नातलगांना दाखविता येत नाही, म्हणून तो परक्या कंपनीच्या साठवणीत नेऊन टाकावा लागतो आणि दरमहा भाडे भरावे लागते. भाडे थकले किंवा कंपनीने धोरण बदलले, तर चार पिढ्यांची कागदपत्रे कोणाच्या दारात शोधायची? काही कंपन्या मासिक जादा आकार घेऊन एक कायमचा खरा पत्ता देतात. तो मिळत असेल आणि परवडत असेल, तर घ्यावा असे आम्ही म्हणू.

तो न मिळाला तरी वाट खुंटत नाही, आणि येथेच पत्त्यांच्या निवडीचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. विखुरलेल्या घराण्यापैकी एका जरी घराला खरा पत्ता असला, तरी इतर घरे त्याच्याशी आपणहून संबंध जोडून ठेवू शकतात. दोन घरांच्या मध्ये कुलूपबंद भुयार खणावे तसे. वायरगार्ड नावाची विनामूल्य आज्ञावली हे काम उत्तम करते. भुयार झाले की इंदूरचे घर व हैदराबादचे घर मिळून एक जाळे होते. आणि मग १९९४ सालच्या विरोधकांची आठवण येते. दोन्ही घरांतल्या राउटरांनी कारखान्यातून आल्याप्रमाणे १९२.१६८.१ हाच तुकडा धरलेला असतो. इंदूरच्या यंत्राने पाचव्या क्रमांकाला हाक मारली, तर तो आपल्या घरातला पाचवा की काकांच्या घरातला, हे ठरविता येत नाही. एकाच आळीत दोन घरांना एकच नंबर लागला तर टपालवाल्याचे जे होईल, ते होते. आम्हांला त्या विरोधकांचे म्हणणे आज अधिकच पटते. त्यांनी भाकीत केलेली अडचण आता मोठ्या कंपन्यांच्या विलीनीकरणातच नव्हे, तर भावाभावांच्या घरांतही येते.

म्हणून ज्या कोणाला घरी असे जाळे उभारायचे असेल, त्याने कारखान्याने दिलेला आकडा पहिल्याच दिवशी बदलावा. १० च्या ठाणात दुसरा व तिसरा आकडा आपल्या हाती असतो. त्यांच्या जोड्या ६५,५३६ होतात. त्यांतली एखादी चिठ्ठ्या टाकून निवडावी. ०, १, १०, १०० असे सोपे आकडे सर्वांनाच सुचतात, ते टाळावेत. जन्मसालही नको, आपल्या भावालाही तेच सुचण्याचा संभव असतो. नंतर यंत्रे वाढल्यावर पत्ते बदलणे फार जिकिरीचे होते. छापाईयंत्र, कॅमेरा, दूरचित्रवाणी संच प्रत्येकापाशी जाऊन तो आकडा पुन्हा घालावा लागतो.

आता नव्या पद्धतीकडे वळू. टंचाई येणार हे जाणकारांना १९९० नंतर लवकरच दिसू लागले होते. त्यांनी १९९५ च्या डिसेंबरात १२८ द्विमान अंकांच्या पत्त्याची रचना मांडली. १९९८ साली ती सुधारली आणि २०१७ साली तिला पूर्ण प्रमाणाचा दर्जा मिळाला. हिला आयपीची सहावी आवृत्ती म्हणतात. हिच्यातील पत्त्यांची एकूण संख्या ३९ आकडी आहे. ती येथे छापून वाचकाला काही बोध होणार नाही. घरापुरते पाहू. ह्या पद्धतीत घरातल्या एका साध्या जाळ्यालाच पुढचे ६४ अंक ठरवून मिळतात आणि उरलेले ६४ अंक घराच्या स्वाधीन असतात. बुद्धिबळाचा पट राजाला दाखवून पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे चौसष्ट घरे भरून धान्य मागणाऱ्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. राजाचे कोठार रिते झाले तरी ती मागणी पुरी झाली नाही. ते सारे दाणे मोजले तर जी संख्या येते, तिच्यापेक्षा बरोबर एकाने अधिक इतके पत्ते आज एका घरातल्या एका जाळ्याला मिळतात: सुमारे १ लाख ८४ हजार कोटी-कोटी. आणि हे सारे खरे पत्ते. देवडीवरच्या कारकुनाची गरजच नाही.

ह्या पद्धतीचीही रंगीत तालीम हौशी व संशोधक लोकांनीच केली. १९९६ साली 'सिक्सबोन' नावाचे प्रायोगिक जाळे सुरू झाले; त्याला प्रयोगापुरते पत्ते देण्यात आले होते. दहा वर्षांनी, २००६ च्या ६ जूनला, प्रयोग संपल्याचे जाहीर होऊन ते पत्ते रीतसर परत घेण्यात आले. प्रयोगाची जागा प्रयोग संपल्यावर परत जाते, हे उदाहरण विरळाच. त्यानंतर ज्यांच्या कंपन्या नवे पत्ते देत नसत, त्यांच्यासाठी हरिकेन इलेक्ट्रिक ह्या अमेरिकन कंपनीने भुयारामार्फत असे पत्ते विनामूल्य दिले, आणि जगभरातील कित्येक विद्यार्थी त्यांच्यावरच शिकले. त्या सोयीला मात्र घरी एक जुना खरा पत्ता लागतो. मोठ्या वाड्यातल्या बिऱ्हाडकरूला ती घेता येत नाही.

सुदैवाने भारतात तिची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही. जुने पत्ते थोडे असल्यामुळेच येथील कंपन्यांना नव्याकडे वळावे लागले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, ती प्रारंभापासून नवे पत्ते देत आली आहे. आज ह्या पद्धतीच्या वापरात भारत जगातील अग्रेसर देशांत गणला जातो. तेव्हा आपल्या कनेक्शनवर ही सोय असण्याचा संभव पुष्कळ आहे. राउटरमध्ये ती सुरू केलेली नसते, एवढेच कधी कधी होते. प्रयोग करणाऱ्याने कंपनीला आणखी एक प्रश्न विचारावा: घराला चौसष्टचा एकच तुकडा देता, की छप्पन्नचा? छप्पन्नचा दिला तर घरात २५६ निरनिराळी जाळी करता येतात: एक माणसांचे, एक कॅमेऱ्यांचे, एक प्रयोगाचे. एकच तुकडा मिळाला तर दुसरे जाळे नीटपणे उभारता येत नाही. पत्त्यांचा समुद्र असूनही काही कंपन्या ह्या बाबतीत हात आखडता घेतात, ह्याचे आम्हांला नवल वाटते. शिवाय काही ठिकाणी वीज जाऊन आली की तुकडाच बदलतो. तेव्हा तो दगडावरची रेघ समजू नये. आणि कारकून नाहीसा झाला म्हणजे दारही उघडे पडले, असे होऊ देऊ नये. राउटरचा पहारा चालू ठेवून ज्या यंत्राला बाहेरून हाक यावी असे वाटते, तेवढ्याचेच दार किलकिले करावे.

कंपनीचे पत्ते बदलते असल्यामुळे घरातल्या घरात, आणि भावंडांच्या घरांमधील भुयारांत, कायमचे चालणारे स्वतःचे पत्ते हवेत. त्यांची सोय २००५ च्या ऑक्टोबरात झाली, आणि आम्हांला ह्या साऱ्या इतिहासात ती सर्वांत आवडते. नव्या पद्धतीच्या पत्त्यांत दहा अंकांबरोबर सहा रोमन अक्षरेही वापरतात. 'एफडी' ह्या दोन अक्षरांनी सुरू होणारे पत्ते खाजगी आहेत. त्या दोन अक्षरांपुढचे ४० द्विमान अंक मात्र आपण स्वतः निवडायचे नसतात. ते दैवावर सोपवायचे असतात. नियमच तसा आहे. संगणकावर हे काम क्षणात होते, पण रुपयाचे नाणे ४० वेळा उडवून छापा आला तर एक आणि काटा आला तर शून्य लिहीत गेले तरी चालते. चार-चार अंकांचा गट करून त्यांची अक्षरे मांडावीत. असे निरनिराळे ओघ सुमारे १ लाख १० हजार कोटी होतात. आपल्या आणि काकांच्या घरी तोच ओघ निघेल, ही शक्यता जवळजवळ नाहीच. सोपे म्हणून चाळीसही शून्ये लिहिणारे लोक असतात, त्यांनी १९२.१६८.१ चेच दुखणे नव्या घरात आणले असे समजावे.

निघालेला आकडा एका वहीत लिहून ठेवावा. त्याखाली घरातल्या प्रत्येक यंत्राला दिलेला पत्ता, तो दिल्याची तारीख, आणि भुयाराने जोडलेल्या इतर घरांचे तुकडे लिहावेत. कोणतेही नवे घर जोडण्यापूर्वी त्यांच्या वहीशी आपली वही ताडून पाहावी. संगणकातच ही यादी ठेवली तर ज्या दिवशी जाळे बंद पडते त्याच दिवशी ती वाचता येत नाही, म्हणून वही कागदाचीच असावी आणि राउटरच्या शेजारी खुंटीला टांगलेली असावी.